गच्चीवरची ताजी अंडी

टेलरबाईंच्या नवऱ्याला निवृत्त होऊन महिना होतो न होतो, तोच नवरोबांनी घरातला कचरा तोलायला सुरुवात केली.

तोवर सगळं बरं चाललं होतं. नवरोबा पाणीपुरवठा खात्यात आराखडे काढायचे. शहराच्या पोटातून कुठला पाइप कुठून जातो, कुठे वळतो आणि कुठे गळतो, हे त्यांना तोंडपाठ होतं; घरातला मिठाचा डबा मात्र त्यांना जन्मात कधी सापडला नाही. निवृत्त झाल्यावरही ते सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून दारापर्यंत जायचे, आणि मग आपल्याला कुठेच जायचं नाहीये हे आठवून परत फिरायचे. टेलरबाईंना ते बघवत नसे. त्यांचं दुकान इमारतीच्या तळमजल्यावर आणि घर त्याच्या डोक्यावर. नवरोबा दिवसातून दहा वेळा जिना उतरून दुकानात यायचे, "काही हवंय का?" असं विचारायचे आणि नेमके कापायला पसरलेल्या कापडावर हात टेकून उभे राहायचे. मापं द्यायला आलेल्या बायका अवघडून जायच्या. शेवटी टेलरबाईंनीच त्यांना गोडीगुलाबीने कोपऱ्यावरच्या वाचनालयात पिटाळलं.

तिथे त्या दिवशी एक व्याख्यान होतं. शहरात राहून मातीशी नातं कसं ठेवावं, असा काहीतरी विषय. नवरोबा खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसले आणि घरी आले ते निराळेच होऊन. "अगं, आपल्या ताटातला टोमॅटो आपल्यापेक्षा जास्त देश बघून आलेला असतो," ते दारातूनच म्हणाले. टेलरबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही, आणि नंतर बोलायला फार उशीर झाला होता.

आधी कचरा तोलणं आलं. मग रंगाचे रिकामे डबे आले, त्यांत माती आली, आणि ते सगळे डबे गच्चीवर गेले. भाज्यांची सालं खताच्या पिंपात जाऊ लागली. आंघोळ एका बादलीत आटोपायची आणि कपडे विसळलेलं पाणी वर नेऊन झाडांना घालायचं, असा नियम झाला. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरातून हद्दपार झाल्या आणि दुकानातल्या चिंध्यांच्या पिशव्या शिवायचं काम टेलरबाईंच्या गळ्यात पडलं. त्यांनी इतक्या शिवल्या की अख्ख्या इमारतीला पुरल्या. कुरकुर त्यांनीही केली, पण वरवरची. माणूस बूट काढून गच्चीवर जात होता, हेच त्यांना पुष्कळ होतं.

सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीच्या अगदी खाली, नवरोबांच्या थोरल्या बहिणीचं घर. नणंदबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. एकट्या राहायच्या आणि बोलायच्या अशा की जणू समोरच्याने उत्तर चुकवलंच आहे. नणंद-भावजयीचं भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. पुष्कळ वर्षांपूर्वी टेलरबाईंच्या हातून नणंदबाईंचा एक कोट जरा जास्तच आखूड झाला होता. तेव्हापासून नणंदबाई आपले कपडे दोन चौक पलीकडच्या टेलरकडे टाकायच्या, आणि तेही पिशवी हातात मिरवत, टेलरबाईंच्या दुकानावरून.

भावाच्या डब्यांना त्यांनी नाक मुरडलं, पाण्याच्या बादल्यांनी जिना ओला होतो म्हणून कटकट केली. पण त्यांचा खरा सूर लागला तो कोंबड्या आल्या तेव्हा.

त्या दोन कोंबड्या नवरोबांनी बाजारामागच्या एका माणसाकडून आणल्या होत्या. दोन्ही माद्याच आहेत अशी त्याने छातीवर हात ठेवून खात्री दिली होती. एक जरा थोराड, उंच मानेची. दुसरी बुटकी आणि गुबगुबीत. नवरोबांनी एकीला थोरली म्हटलं, दुसरीला धाकटी. खुराड्याचा आराखडा त्यांनी समोरून, बाजूने आणि वरून असा तीन अंगांनी काढला, आणि जुन्या कपाटाच्या फळ्या ठोकून ते आराखड्याबरहुकूम उभं केलं. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई रात्रपाळी करून सकाळी झोपायच्या. आवाज होणार नसेल तर माझी हरकत नाही, असं त्यांनी बजावलं. कोंबड्या कसला आवाज करतायत, असं नवरोबांनी त्यांना सांगितलं.

मग अंड्यांची वाट बघणं सुरू झालं. रोज सकाळी आंघोळ आणि वर्तमानपत्र उरकून नवरोबा करंडी घेऊन वर जायचे आणि रिकामी करंडी घेऊन खाली यायचे. आठवडे गेले. थोरली दिवसेंदिवस उंच होत गेली, धाकटी दिवसेंदिवस गुबगुबीत. दाणे दोघी मिळून फस्त करायच्या, पण खुराड्यात अंड्यांसाठी ठेवलेल्या पेटीतल्या गवताकडे ढुंकून बघायच्या नाहीत.

एकदा जिन्यात नणंदबाईंनी भावाच्या रिकाम्या करंडीत डोकावून पाहिलं. "यांना पण पेन्शन मिळते का रे?" त्या म्हणाल्या. "तुझ्यासारख्याच बसून खातात."

त्या दिवशी नवरोबांनी कचरा तोलला नाही. दुपारी दुकानात येऊन ते कापडावर हात ठेवून उभे राहिले, आणि टेलरबाईंना त्यांना हटकवेना.

दुसऱ्या दिवशी टेलरबाई समोरच्या मोठ्या दुकानातून अंड्यांचा एक पुठ्ठा घेऊन आल्या. इलॅस्टिकच्या खणात, लेसच्या गुंडाळ्यांमागे तो बरोबर मावला. अडचण एवढीच होती की प्रत्येक अंड्यावर लाल शाईचा छोटा शिक्का होता. फडक्यावर व्हिनेगर घेऊन हळूहळू चोळल्यावर तो गेला. मग त्यांनी बंद केलेल्या, पण अजून कोमट असलेल्या इस्त्रीशेजारी फ्लॅनेलच्या तुकड्यात अंडं गुंडाळून ठेवलं. नवरोबा आंघोळीला गेले तशा त्या जिन्याने वर धावल्या. पूर्वी त्यांची आंघोळ म्हणजे निवांत कार्यक्रम असायचा, पण एका बादलीच्या नियमानंतर ती चटकन उरकायची. पेटीत अंडं ठेवून टेलरबाई खाली पोचल्या तेव्हा नवरोबा पंच्याने कान पुसत होते आणि यांना धाप लागली होती.

"काय झालं?"

"काही नाही. बॉबिन शोधत होते."

अर्ध्या तासाने नवरोबा ते अंडं दोन्ही तळव्यांत धरून खाली आले, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, लहान मूल उतरतं तसे. त्यांना काही सांगायचं होतं, पण त्यांच्या तोंडून नुसतंच "अगं" निघालं. त्यांनी अंडं उकडलं, दोऱ्याने त्याचे तीन भाग केले, आणि एक भाग बशीत घालून बहिणीकडे वर पाठवला. नणंदबाईंनी तो खाल्ला आणि मीठ कमी आहे असा निरोप धाडला.

एकदाच करायचं, असं टेलरबाईंनी ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी नवरोबा वर्तमानपत्र न वाचताच करंडीकडे वळले, आणि टेलरबाईंचा हात आपसूक इलॅस्टिकच्या खणाकडे गेला. असं बरेच दिवस चाललं. मग मात्र हे फार होतंय असं त्यांना वाटायला लागलं. आज शेवटचं, असं मनाशी म्हणत एका सकाळी त्या पदराखाली अंडं घेऊन वर गेल्या, पेटीचं झाकण उचललं आणि बघतात तर गवतात आधीच एक अंडं.

तपकिरी.

टेलरबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आजवर पांढरीच ठेवली होती, तेव्हा हे खरं असणार यात शंकाच नव्हती. "शहाणी गं माझी," त्या धाकटीला म्हणाल्या, कारण थोरली त्यांना जरा उर्मट वाटायची. आपलं पांढरं अंडं परत न्यावं की ठेवावं, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी ते ठेवलं. दोन कोंबड्या आणि एकच अंडं, तर दुसरीला वाईट वाटेल, असलं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

त्या दिवशी नवरोबांनी शास्त्र मांडलं. थोरली पांढरं देते, धाकटी तपकिरी.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. तिसऱ्या मजल्यावर बँकेत काम करणारी एक मुलगी राहायची. ती सुट्टीच्या दिवशी घरी पाव भाजायची. एका पावाच्या बदल्यात दोन अंडी, असा तिने नवरोबांशी सौदा ठरवला. जिन्याखाली भूछत्रं वाढवणारे निवृत्त बँडमास्तर टोपलीभर भूछत्रं देऊन अंडी नेऊ लागले. डॉक्टरीणबाई द्यायला काही नसल्यामुळे सगळ्यांचा रक्तदाब तपासायच्या. आणि जो तो चवीबद्दल बोलायचा. बँडमास्तर डोळे मिटून म्हणायचे की दुकानातल्या अंड्याला सूरच नसतो. बँकवालीला बलकाचा रंग बघून आजोळ आठवलं. डॉक्टरीणबाईंनी तर आपला जुना खोकला गेल्याचं सांगितलं, आणि ते ऐकून टेलरबाईंनी सुई बोटात टोचून घेतली.

मागणी वाढली तशी टेलरबाईंनी अंडी वाढवली. गंमत अशी की तपकिरीही वाढली. एके दिवशी नवरोबा पाच अंडी घेऊन खाली आले. तीन पांढरी, दोन तपकिरी. त्यांनी ती टेबलावर ओळीत मांडली आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत बसले. आराखडे काढणारा माणूस होता. दोन कोंबड्या आणि पाच अंडी हे त्यांच्याही डोक्यात बसेना.

"सालं," नवरोबा शेवटी म्हणाले.

"काय?"

"भाज्यांची सालं. मी दाण्यात वाटून घालतो ना, त्याचा गुण आहे हा."

आणि तिथून गाडी घसरली. सालांच्या मिश्रणाची कीर्ती वाचनालयापर्यंत गेली. वाचनालयाच्या पटांगणात रविवारी एक मेळा भरणार होता. आपल्याच वस्तीत पिकवलेलं, भाजलेलं, मुरवलेलं प्रत्येकाने आणून मांडायचं होतं. तिथे नवरोबांनी चार शब्द बोलावेत, कोंबड्या आणाव्यात आणि मिश्रण कसं करायचं ते सांगावं, असं आमंत्रण आलं. नवरोबांनी भाषण लिहिलं, आरशासमोर म्हटलं, आणि शर्टाचं तुटलेलं बटण स्वतः शिवलं. उलट्या बाजूने का होईना, पण शिवलं. टेलरबाई मनात म्हणाल्या, मेळा एवढा पार पडू दे, मग मी हळूहळू पांढरी बंद करीन. तपकिरी तर खरीच आहेत.

रविवारी पटांगण भरलं होतं. बँकवालीचे पाव, बँडमास्तरांची भूछत्रं, कोणाचा मध, कोणाची लोणच्यासारखी मुरवलेली काकडी. मधल्या टेबलावर नवरोबांची करंडी होती, अंड्यांनी काठोकाठ भरलेली, आणि शेजारी पिंजऱ्यात थोरली आणि धाकटी. टेलरबाई पहिल्या रांगेत बसल्या. शेजारची एकच खुर्ची रिकामी होती, आणि नेमक्या नणंदबाई येऊन तिच्यावर बसल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहून मान हलवली, बसमध्ये अनोळखी लोक हलवतात तशी.

नवरोबांचा आवाज आधी कापला, मग स्थिरावला. शहरातला माणूस स्वतःच्या छपरावर आपल्यापुरतं थोडंफार पिकवू शकतो, असं ते म्हणाले. लोक ऐकत होते. मागे दोघेजण तर लिहूनही घेत होते. मग ते पिंजऱ्याकडे वळले.

"ही थोरली," नवरोबा म्हणाले. "ही रोज न चुकता पांढरं अंडं देते."

थोरली उठून उभी राहिली. तिने मान ताणली, छाती काढली, पंख झटकले आणि अख्ख्या पटांगणाला ऐकू जाईल अशी बांग दिली.

मग कोणाला शंका राहू नये म्हणून थोरली पुन्हा एकदा आरवली.

हसण्याची लाट मागून सुरू झाली आणि पुढपर्यंत आली. नवरोबांनी थोरलीकडे पाहिलं, करंडीकडे पाहिलं आणि मग समोर बायकोकडे पाहिलं. तो चेहरा टेलरबाईंच्या ओळखीचा होता. नोकरीत असताना एखादे दिवशी ते असेच घरी यायचे: आराखड्यात पाइप आहे, खणून बघितलं तर जमिनीत काहीच नाही.

टेलरबाईंना राहवेना. शेजारी कोण बसलंय याचाही विचार न करता त्या पुटपुटल्या, "ताई, पांढरी माझी होती. मी ठेवत होते. पण तपकिरी खरी आहेत हो, धाकटीची."

नणंदबाई समोरच बघत राहिल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"तपकिरी माझी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पांढरी खरी आहेत."

नवरोबांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला आणि पिंजरा उचलला. ते निघाले तेव्हा लोक बाजूला सरकून वाट देत होते. त्यांच्यामागून करंडी दोन्ही बाजूंनी धरून नणंद आणि भावजय चालल्या. वाटेत नणंदबाईंनी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. जिन्यात त्या पेन्शनचं बोलल्या खऱ्या, पण भावाचं एवढंसं झालेलं तोंड त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. पुढे अंडी आली तेव्हा त्यांना बरं वाटलं, पण एखाद्या दिवशी कोंबड्यांनी दगा दिला तर त्याचं काय होईल या धास्तीने त्या भल्या पहाटे वर जाऊन आपलं एखाद-दुसरं ठेवून यायच्या. त्यांच्या दुकानात तपकिरीच मिळायची. शिक्का त्या खोडरबराने खोडायच्या.

"खोडरबराने जातो?" टेलरबाईंनी विचारलं.

"चिकाटी लागते," नणंदबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर नवरोबा खुर्चीत बसले. बूटही काढले नाहीत. दोघी समोर उभ्या राहिल्या.

"खरी किती होती?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही," टेलरबाई म्हणाल्या.

"धाकटीचं पण नाही?"

"नाही."

टेलरबाईंना वाटलं, आता ओरडतील; ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मी त्यांना रोज थँक्यू म्हणत होतो."

पुढचे काही दिवस नवरोबा गच्चीवर गेले नाहीत. पुन्हा इस्त्रीचा शर्ट, पुन्हा बूट, पुन्हा दारापर्यंत आणि परत. गच्चीची सगळी कामं दोघींच्या अंगावर आली. सालं वाटायची कशी, पिंपातलं खत कुठल्या वेळी हलवायचं, पाण्याची बादली जिन्यात न सांडता कशी न्यायची, यातलं एकीलाही काही येत नव्हतं. नणंदबाईंनी टोमॅटोच्या डब्यात इतकं पाणी ओतलं की माती वाहून थेट त्यांच्याच खिडकीत उतरली. टेलरबाईंच्या साडीवर धाकटीने आपली सही केली. कामं करता करता दोघी बोलायलाही लागल्या, आधी कामापुरतं आणि मग त्याहून बरंच जास्त. नणंदबाईंच्या नकला फार हुबेहूब असतात, हे टेलरबाईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

अंडी नेलेल्यांची माफी मागायचीही दोघींनीच ठरवली. दारोदार जायचं आणि खरं सांगून मोकळं व्हायचं. बँकवालीने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि दोघींना आत ओढून दार लावलं. पहिले दोन पाव आपल्याही हातचे नव्हते, असं तिने कबूल केलं. आपला पाव विटेसारखा झाला होता, म्हणून बेकरीतला आणून त्याला वरून पीठ फासलं होतं. बँडमास्तरांनी मात्र काही मानायला साफ नकार दिला. आपला कान आणि आपली जीभ कधी फसत नाही, त्यांतली निदान चार अंडी तरी गच्चीवरचीच होती, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यावर ते ठाम राहिले. डॉक्टरीणबाई खरोखरच रागावल्या. खोटं बोलल्याबद्दल त्यांना इतकं वाटलं नाही, पण कोंबडा आणल्याबद्दल वाटलं. एकदा कंठ फुटल्यावर थोरलीने आता मागे वळून पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाई रात्रपाळीवरून येऊन डोळे मिटत, आणि त्यांच्या डोक्यावर बांग होत असे. त्यांनी दार लावून घेतलं आणि जिन्यात भेटल्या तरी मान फिरवून जाऊ लागल्या.

थोरलीला ठेवून घेणं शक्यच नव्हतं. बँडमास्तरांच्या भावाची शहराबाहेर रोपवाटिका होती आणि तिथे कोंबडा चालणार होता. हे टेलरबाईंनी जेवताना नुसतं सांगितलं, काही विचारलं नाही. नवरोबा पानातला घास चिवडत राहिले.

"कोण नेणार?" त्यांनी शेवटी विचारलं.

"आम्ही दोघी नेतो की."

"तुम्हाला धरता येणार नाही ती," नवरोबा म्हणाले. "तिच्या पंखाखाली हात घालावा लागतो." थोरलीचं सगळं उघडकीला येऊनही ते तिला "ती"च म्हणत होते.

सकाळी ते तिला घेऊन गेले आणि संध्याकाळी वाळलेल्या पानांचं एक पोतं खांद्यावर घेऊन आले. खताला चांगली असतात, असं रोपवाटिकेतल्या माळ्याने सांगितलं होतं म्हणे. ते तसेच सरळ गच्चीवर गेले, आणि खाली आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. टोमॅटोला कोणी एवढं पाणी घातलं, असं त्यांनी जरबेने विचारलं. दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी असेल, नवरोबा गच्चीवरून खाली आले आणि त्यांनी टेबलावर एक अंडं ठेवलं. छोटंसं, एका बाजूने जरा चेपल्यासारखं, रंगाने पांढरंही नाही आणि तपकिरीही नाही. नणंदबाई तेव्हा चहाला खालीच बसलेल्या होत्या.

"कोणी ठेवलं?" नवरोबांनी विचारलं.

टेलरबाईंनी कानावर हात ठेवले. नणंदबाईंनीही ठेवले. नवरोबांचा कोणावरच विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर टेलरबाईंना नणंदेचा संशय आला आणि नणंदबाईंना भावजयीचा, आणि दोघींनी ते बोलूनही दाखवलं. मी ठेवलं असतं तर असलं वाकडं ठेवलं असतं का, असं टेलरबाई म्हणाल्या. कपड्यांचं बघितलंय की तुझं, असं नणंदबाई म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांनाच हसू फुटलं. नवरोबा हसले नाहीत. त्यांना निकाल हवा होता.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं गच्चीवर तीन स्टुलं मांडून खुराड्यासमोर बसली, कोणी कोणावर नजर ठेवायची हे ठरवून. धाकटी पेटीत गेली, बाहेर आली, तिघांकडे बघून दाणे टिपायला निघून गेली. दिवस वाया गेला. पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती पेटीत शिरली आणि गवत पायाने इकडचं तिकडे करून बसली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई कपडे वाळत घालायला वर आल्या. तिघंजण स्टुलांवर ओळीत बसून एका कोंबडीकडे टक लावून बघतायत, हे पाहून त्या थबकल्या.

"आजारी आहे का?" न राहवून त्यांनी विचारलं.

"श्श," नणंदबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी ओल्या कपड्यांची बादली खाली ठेवली. आधी त्या लांबून बघत होत्या, मग वाकून, आणि मग नवरोबांनी आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं तेव्हा बसून. थोबाडीत मारल्यासारखं तोंड करून धाकटी कुठेतरी शून्यात बघत होती. मग ती किंचित उठली, आणि तिच्याखाली गवतात अंडं होतं, ओलं, चकाकणारं. चौघांच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू सुकलं.

नवरोबांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "तू घे," ते बायकोला म्हणाले. टेलरबाईंनी ते उचललं. इतकी अंडी त्यांनी याच पेटीत ठेवली होती, पण पेटीतून बाहेर काढलेलं हे पहिलंच होतं. ते चांगलंच गरम होतं, इस्त्रीने कधी झालं नसतं इतकं.

एक अंडं आणि खाणारे चार. त्याचं ऑम्लेट झालं ते बशीएवढंसुद्धा नव्हतं. बँकवालीचा पाव घरात होता, तिच्या स्वतःच्या हातचा, म्हणजे चाकू लागेना असा. तो भाजून त्यावर एकेक तुकडा ठेवला. चौघं स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच खाऊ लागले आणि नवरोबा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते, पण चवीबद्दल विचारायचं त्यांना काही धैर्य होईना. शेवटी विषय निघाला तो धाकटीच्या एकटेपणाचा. कोंबडीला सोबत लागते, असं नणंदबाईंचं मत पडलं. रोपवाटिकेत पिल्लं आहेत, नवरोबा म्हणाले, पण आता मादी ओळखायची कशी, हा प्रश्न आहे.

"मला न दाखवता आणायची नाही," डॉक्टरीणबाई बोटं चाटत म्हणाल्या. त्यांनी जन्मात कधी कोंबडी तपासली नव्हती, पण त्यांचा स्वर असा होता की कोणी विचारलं नाही.

त्या रविवारी टेलरबाईंनी दुकानाला कुलूप लावलं आणि चौघं शहराबाहेर रोपवाटिकेकडे जाणाऱ्या बसमध्ये चढले. रिकामा पिंजरा नणंदबाईंच्या मांडीवर होता. तो खाली ठेवा असं कंडक्टरने सांगून पाहिलं, आणि नणंदबाईंनी त्याच्याकडे एकदाच बघितलं. तो पुढच्या सीटकडे गेला.